फिग्मावर चालणारी दूरस्थ डिझाइन टीम : वर्षाहून अधिक काळाच्या वापरानंतरचा अनुभव

अॅप आणि वेबसाइटचे स्क्रीन रचण्याचे साधन म्हणून फिग्मा कसे आहे, हे एव्हाना बहुतेक डिझायनरांना ठाऊक आहे. टीममधला प्रत्येक जण आपापल्या घरी बसलेला असताना टीम चालवण्याचे साधन म्हणून ते कसे आहे, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले, त्या सुमारास आमची टीम घरून काम करू लागली आणि अजूनही तशीच चालू आहे. मी डिझाइन विभागाचे व्यवस्थापन पाहतो. स्वतः स्क्रीन रचण्याची वेळ माझ्यावर क्वचितच येते. त्यामुळे ऑटो लेआउट, प्लगिन अशा रचनेच्या सुविधांच्या गुणदोषांत मी इथे शिरणार नाही.

फायलींचा प्रश्न सुटला, हे आधी सांगून टाकतो. पूर्वी आम्ही जे साधन वापरत होतो, त्यात फाइल ज्याच्या त्याच्या संगणकावर असे आणि ती सामायिक फोल्डरमध्ये चढवायची राहिली की दुसरा जुन्याच फाइलवर काम करत बसे. फिग्मा ब्राउझरमध्ये चालते. ते २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले तेव्हापासूनच एका फाइलमध्ये अनेकांनी एकाच वेळी काम करणे हा त्याचा पाया आहे. घरी कोणाकडे मॅक, कोणाकडे विंडोजचा जुना लॅपटॉप, अशी परिस्थिती असताना या एका गोष्टीने बरेच तारून नेले. डेव्हलपर आणि प्रॉडक्ट मॅनेजरही तीच लिंक उघडतात, त्यामुळे ‘सगळ्यात ताजी फाइल कोणाकडे आहे’ हा प्रश्न आमच्याकडे आता कोणी विचारत नाही. व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलमधल्या बदलांचा इतिहास, आपोआप नोंदली जाते, मात्र तिचा खरा उपयोग व्हर्जनला नाव दिल्यावरच होतो. ‘रिव्ह्यूआधी – नोंदणीचे टप्पे तीन की चार हे ठरवायचे आहे’ अशा धर्तीची नोंद प्रत्येक रिव्ह्यूआधी करायची, असा नियम आम्ही केला. त्यामुळे एखादा निर्णय का झाला, हे काही महिन्यांनीही शोधता येते. मोफत योजनेत हा इतिहास ३० दिवसांपुरताच दिसतो, हे लक्षात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. फिग्मामध्ये फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाचा कर्सर नावासह इतरांना दिसतो आणि कोण फाइलमध्ये आहे, ते वरच्या पट्टीतही दिसते. दोन डिझायनर मिळून काम करत असतील तर याहून सोयीचे काही नाही. परंतु व्यवस्थापकासाठी हीच पट्टी नकळत हजेरीपट होऊन बसते. अमुक जण सकाळपासून फाइलमध्ये दिसला नाही, तमुक जण रात्री उशिरा दिसला, अशा गोष्टी न शोधताही नजरेस पडतात आणि मनात घर करतात. वास्तविक डिझाइनच्या कामाचा मोठा भाग फाइलबाहेर होतो : कागदावर रेघोट्या मारणे, वापरकर्त्यांच्या मुलाखतींच्या नोंदी वाचणे, आणि काहीच न करता विचार करणे. आमच्या टीममध्ये ज्यांच्या कामाला रिव्ह्यूमध्ये सर्वांत कमी दुरुस्त्या निघतात, त्या डिझायनर फाइलमध्ये सर्वांत कमी दिसतात.

याची दुसरी बाजू मला एका ज्युनिअर सहकाऱ्याने सांगितली. “तुम्ही फाइलमध्ये आलात की माझा हात थांबतो,” असे तो म्हणाला. नंतर चौकशी केल्यावर कळले की तिघेचौघे आपले कच्चे काम ‘ड्राफ्ट्स’मध्ये, म्हणजे शेअर करेपर्यंत इतरांना न दिसणाऱ्या जागी करत होते आणि तयार झाल्यावर टीमच्या फाइलमध्ये आणून चिकटवत होते. यात साधनाचा दोष काढण्यात अर्थ नाही. ते जे दाखवते, त्याकडे किती बघायचे हे व्यवस्थापकाने ठरवायचे असते. फाइलमध्ये कच्च्या कामाचे वेगळे पेज करून भागत नाही, कारण पेज कोणतेही असो, वरच्या पट्टीत नाव दिसतेच. म्हणून आम्ही कच्च्या कामाच्या फायलीच स्वतंत्र केल्या आणि बोलावल्याशिवाय मी त्या उघडायच्या नाहीत, असे ठरवले. इतर व्यवस्थापकांनाही मी हेच सुचवीन, आणि तेही टीमला स्पष्ट शब्दांत सांगून. नुसते मनाशी ठरवून समोरच्याचा हात मोकळा होत नाही.

डिझाइन क्रिटिकची, म्हणजे एकमेकांचे डिझाइन मिळून तपासण्याच्या बैठकीची, पद्धत मात्र पार बदलावी लागली. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून डिझाइन दाखवणे हा दुय्यम मार्ग आहे. कोणत्याही कॉल सेवेत चित्र दाबून, म्हणजे त्यातला तपशील कमी करून, पाठवले जाते, त्यामुळे एक पिक्सेलची रेघ विरते, करडी अक्षरे धूसर दिसतात आणि अॅनिमेशन अडखळते. मग चर्चा डिझाइनवर होण्याऐवजी त्या अडखळण्यावरच होते. आम्ही कॉल फक्त आवाजासाठी ठेवतो. प्रत्येकाने फाइल आपल्या संगणकावर उघडायची आणि वर दिसणाऱ्या मांडणाऱ्याच्या प्रोफाइल चित्रावर क्लिक करून त्याच्या मागे जायचे, म्हणजे तो जे पाहतो ते आपल्यालाही मूळ स्वरूपात दिसते. अॅनिमेशन असेल तर त्याचा व्हिडिओ आधीच पाठवून ठेवायचा.

क्रिटिकची पहिली दहा मिनिटे कोणी बोलत नाही. सगळे फाइलवर कॉमेंट लिहितात. सिनियर माणसाने आधी बोलायचे आणि बाकीच्यांनी त्याच सुरात मान डोलवायची, हा जुना प्रकार यामुळे बराच कमी झाला. पण कॉमेंट लिहायला शिकवावे लागते. ऑफिसमध्ये ‘हे नीट बसत नाहीये’ म्हणत पडद्यावर बोट ठेवले की काम भागत असे. तेच वाक्य लेखी आले की वाचणारा तासभर अर्थ लावत बसतो. ‘मागच्या स्क्रीनवर भरलेले नाव इथे पुन्हा विचारले आहे, ते आपोआप येऊ शकेल का?’ अशी कॉमेंट आली की उत्तर देता येते. कॉमेंट निकालात काढण्याचा हक्क आम्ही ती लिहिणाऱ्याऐवजी डिझायनरकडे दिला आहे, आणि काढताना एका ओळीत कारण लिहायचे. सूचना नाकारली तरी चालते, पण कारण हवे.

रंगांचे वाद तर आम्ही कॉलवर घालणेच बंद केले. घरोघरच्या संगणकांचे पडदे वेगवेगळे असतात. काही पडदे एसआरजीबी या नेहमीच्या रंगमानकापेक्षा अधिक विस्तृत रंगपट दाखवतात, काहींचा उजेडच कमी असतो, आणि एकच निळा रंग चौघांना चार तऱ्हेचा दिसतो. त्यामुळे रंगाचा निर्णय रंगाच्या कोडवर आणि कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाच्या, गुणोत्तरावर होतो. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांतील एए पातळीनुसार साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ एवढे गुणोत्तर लागते. हा आकडा समोर असला की आवडीनिवडीची बरीचशी भांडणे मुळातच उगवत नाहीत.

व्हिडिओ कॉलच्या थकव्याबद्दल फार लिहीत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याची चार कारणे मांडली : अतिजवळून सतत पाहणारे चेहरे, स्वतःचाच चेहरा दिसत राहणे, एका जागी खिळून राहावे लागणे, आणि हावभाव देण्या-समजण्यासाठी पडणारा जादा ताण. यावरून आम्ही आठवड्याच्या वैयक्तिक बैठकी केवळ आवाजावर आणल्या. ज्याला चालत बोलायचे त्याने चालत बोलावे. त्या बैठकींत लोक पूर्वीपेक्षा मोकळे बोलतात, असे माझे निरीक्षण आहे.

जिथे फिग्मा अपुरे पडते, आणि दुसरे कोणतेही साधन पुरे पडेल असे मला वाटत नाही, ती जागा म्हणजे नवीन आलेला माणूस. महासाथीच्या काळात रुजू झालेल्या डिझायनरांनी टीममधल्या कोणालाही प्रत्यक्ष पाहिलेले नाही. कंपोनंटची, म्हणजे बटणासारख्या तयार भागांची, लायब्ररी त्यांना पहिल्या दिवशी मिळते, पण अमुक बटण असेच का, हे शेजारच्या टेबलावरचे बोलणे कानावर पडत कळायचे, ते आता कळत नाही. आम्ही समजावणारे व्हिडिओ करून पाहिले. ते पाहता पाहता जुने होतात आणि नव्या माणसाला जुनेच खरे वाटते. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, एक जुना आणि एक नवा डिझायनर एकाच फाइलमध्ये कॉल चालू ठेवून काम करतात, हा प्रयोग अधिक लागू पडला. इथे तोच कर्सर उपकारक ठरतो : जुन्याचा हात कुठे रेंगाळतो, काय पुसतो, हे नवा पाहू शकतो. एप्रिल २०२१ मध्ये आलेला फिगजॅम हा फिग्माचाच ऑनलाइन पांढरा फळा आम्ही अलीकडेच घेतला आहे. सुरुवातीच्या कल्पना मांडायला तो हलका वाटतो, पण त्याच्यावर मत देण्याइतका वापर अजून झालेला नाही.

घेण्याआधी काही मर्यादा माहीत असाव्यात. इंटरनेटवाचून, आधी न उघडलेली फाइल उघडता येत नाही. प्रत्येक टॅबला २ जीबी मेमरीची मर्यादा आहे, त्यामुळे अख्खे प्रॉडक्ट एकाच फाइलमध्ये कोंबण्याची सवय मोडावी लागते. आम्ही फीचरनिहाय फायली केल्या आणि जुने पर्याय वेगळ्या फाइलमध्ये हलवले. नुसते पाहणाऱ्या आणि कॉमेंट करणाऱ्यांचे पैसे पडत नाहीत, फाइलमध्ये बदल करणाऱ्या एडिटरचे मात्र सशुल्क योजनेत माणशी मोजावे लागतात. घाईत लिंक पाठवताना एडिटचा हक्क सहज दिला जातो, म्हणून दर तिमाहीला एडिटरांची यादी उघडून ज्यांना केवळ पाहायचे आहे त्यांना व्ह्यूअर करणे, हे काम कोणा एकाच्या नावावर लावून द्यावे.