पोर्टफोलिओ परफॉर्मन्स: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आईच्या आणि माझ्या मिळून सात म्युच्युअल फंड योजना, चार कंपन्यांचे शेअर, आणि हिशेब तीन ठिकाणी विखुरलेला. ज्या ॲपवरून एसआयपी (दरमहाचे हप्ते) चालतात तिथे एके दिवशी एक्सआयआरआर (प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वार्षिक परतावा) दिसेनासा झाला आणि नुसती नफ्याची टक्केवारी उरली. त्या टक्केवारीवरून काही कळत नाही. समजा दरमहा ५,००० रुपये भरले, वर्षाने ६०,००० चे ६४,००० झाले. साधी टक्केवारी सांगते ६.६७. पण शेवटच्या हप्त्याला तर एकच महिना मिळाला होता; तारखा धरून काढलं तर वार्षिक परतावा साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो. एफडीशी तुलना करायची तर हाच आकडा हवा. तेव्हापासून मी ओपन सोर्स, म्हणजे मोफत आणि खुल्या कोडचे पर्याय शोधायला लागलो.

आधी ग्नूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरलं. घरखर्च, कर्ज, बँक खाती यांच्यासाठी ते उत्तम आहे, दुहेरी नोंद पद्धत असल्याने पैसा कुठे गेला ते लपत नाही. तिथेच एक गोष्ट शिकलो: ५,००० च्या हप्त्यातून युनिट (फंडातले हिस्से) ४,९९९.७५ रुपयांचेच मिळतात. २५ पैसे मुद्रांक शुल्क, १ जुलै २०२० पासून लागू झालेलं ०.००५ टक्के. पण परताव्याचं विश्लेषण मला तिथे अपुरं वाटलं. लिबरऑफिस कॅल्क या मोफत स्प्रेडशीटमध्ये एक्सआयआरआरचं सूत्र आहेच, एक-दोन फंडांसाठी तेवढं पुरे. सात योजना झाल्या की शीट सांभाळणं हेच काम होऊन बसतं.

शेवटी सापडलं ते पोर्टफोलिओ परफॉर्मन्स, गुंतवणुकीचा हिशेब आणि परतावा दाखवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. मूळचं जर्मनीतलं, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. नोंदणी नाही, मोबाइल नंबर नाही. सगळा हिशेब आपल्या संगणकावरच्या एका फाइलमध्ये राहतो, तिला पासवर्ड लावता येतो. चलन रुपये निवडलं. शेअरचे भाव याहूवरून येतात. फंडांची एनएव्ही (एका युनिटचा भाव) मात्र एमएफएपीआय या मोफत सेवेवरून, अ‍ॅम्फीचा (फंड कंपन्यांच्या संघटनेचा) योजना क्रमांक देऊन जोडावी लागते. पहिल्या फंडाला तासभर लागला, बाकीचे सहा पंधरा मिनिटांत झाले.

खरी मेहनत जुन्या नोंदींची. कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचं एकत्रित स्टेटमेंट, म्हणजे कॅस, पासवर्ड असलेल्या पीडीएफमध्ये येतं. कॅसपार्सर नावाच्या मोफत पायथन प्रोग्रामने त्याची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) केली आणि ती आत घेतली. मग प्रत्येक योजनेचे युनिट कॅसशी तिसऱ्या दशांशापर्यंत ताडून पाहिले. आईच्या एका फंडात ११.३०२ युनिट कमी भरले. दोन संध्याकाळी शोधल्यावर सापडलं: लाभांशाची पुनर्गुंतवणूक झाली होती, आणि इथे ती लाभांश आणि खरेदी अशा दोन नोंदींनी घालावी लागते. आकडा जुळला तेव्हा आईलाही हाक मारून दाखवला.

आता मला यातलं सर्वात मोलाचं वाटतं ते. हे सॉफ्टवेअर परतावा दोन प्रकारे दाखवतं. ट्रू टाइम-वेटेड परतावा, म्हणजे मी पैसे कधी घातले ते बाजूला ठेवून काढलेला, फंडाची कामगिरी सांगतो; आयआरआर, म्हणजे वरचाच तारखा धरून काढलेला परतावा, माझी. २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक गाठला, त्याच आठवड्यात मी एका फंडात एकरकमी पैसे घातले होते. त्या फंडाचा पहिला आकडा चांगला, दुसरा बराच खाली. वर्षभर मी फंड मॅनेजरला दोष देत होतो. फंड ठीक होता, माझी वेळ चुकली होती. तो फंड विकायचा विचार त्या दिवशी सोडला.

बोनस शेअरपाशी मात्र जपून. एचडीएफसी बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये १:१ बोनस, म्हणजे एका शेअरमागे एक मोफत शेअर, दिला. तो स्प्लिट (एका शेअरचे दोन होणं) म्हणून नोंदवला की आलेख बरोबर दिसतो, पण आपल्या प्राप्तिकरात बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य आणि मुदत वाटपाच्या तारखेपासून धरतात. म्हणजे विक्रीच्या वेळी नफ्याचा आकडा करासाठी चालत नाही. मी आलेखासाठी स्प्लिटच ठेवलं आणि करासाठी कॅल्कमध्ये वेगळी यादी केली. फंडांना ही अडचण नाही. प्रत्येक हप्त्याची तारीख आणि भाव नोंदींत असतात, त्यामुळे मार्चमध्ये दीर्घ मुदतीच्या नफ्याच्या सव्वा लाखाच्या करमुक्त मर्यादेत किती युनिट विकायचे ते अर्ध्या तासात ठरतं.

कंपन्यांचे ताळेबंद वाचायला हे उपयोगाचं नाही, ऑप्शनचे सौदे करणाऱ्यांनाही नाही. मराठीत अजून उपलब्ध नाही, आईसाठी मी मुख्य शब्दांची मराठी चिठ्ठी करून मॉनिटरला चिकटवली आहे. सुरुवात करणाऱ्यांनी आधी पहिल्या हप्त्यापासूनचं पूर्ण कॅस मागवा. मी फक्त चालू वर्षाचं मागवलं होतं आणि सगळी भरणी पुन्हा करावी लागली. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवा.