कर्जफेडीचं एक्सेल: व्हर्टेक्स४२चा कॅल्क्युलेटर आपल्या कर्जांना कितपत चालतो?

व्हर्टेक्स४२ या अमेरिकी साइटवर 'डेट रिडक्शन कॅल्क्युलेटर' नावाचं तयार एक्सेल मिळतं. दहा कर्जांपर्यंत फुकट, त्यापुढे विकतची आवृत्ती. (ज्याची दहाच्या वर कर्जं आहेत, त्याला एक्सेल पुरणार नाही हा भाग वेगळा.) गूगल शीट्ससाठीही ते आहे. फोनवर उघडतं, पण आकडे भरायला लॅपटॉपच घ्या.

त्याचं गणित चोख आहे. गडबड होते ती व्याजदराच्या रकान्यात. आपल्याकडे कर्ज देणारा जो दर तोंडाने सांगतो तो तसाच तिथे भरला, तर शीट मुकाट्याने चुकीची तारीख काढून देतं, आणि चूक झालीय हे वर्षभराने कळतं.

वापरायला सोपं आहे. प्रत्येक कर्जाची एक ओळ: नाव, शिल्लक मुद्दल, वार्षिक व्याजदर, दरमहाचा हप्ता. खाली एका चौकोनात तुम्ही सगळ्या कर्जांसाठी मिळून दर महिन्याला किती रक्कम काढू शकता ते लिहायचं. मग यादीतून पद्धत निवडायची. 'स्नोबॉल' म्हणजे सर्वांत लहान शिल्लक आधी, 'अ‍ॅव्हलांच' म्हणजे सर्वांत महाग व्याज आधी. स्वतः क्रम ठरवायचीही सोय आहे. हप्त्यांची बेरीज वजा जाता उरलेली रक्कम पहिल्या क्रमांकाच्या कर्जावर पडते. ते संपलं की त्याचा हप्ताही पुढच्यावर चढतो. बाजूला एकूण व्याज आणि प्रत्येक कर्ज कोणत्या महिन्यात संपणार ते दिसतं. दुसऱ्या पानावर महिनावार तक्ता असतो.

आता दर नीट भरण्याबद्दल, कारण सगळी मेख तिथेच आहे.

क्रेडिट कार्डापासून सुरू करू. दरमहा ३.५ टक्के व्याज असेल तर लोक १२ ने गुणून ४२ लिहितात. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खरा मासिक दर ४.१३ आणि रकान्यात लिहायचा आकडा ४९.५६. फरक किरकोळ वाटतो? ८० हजारांच्या थकबाकीवर दरमहा ४ हजार भरत राहिलात, तर ४२ टक्क्यांनी शीट ३५ महिने दाखवतं. ४९.५६ घातलं की तेच ४४ महिने होतात, आणि एकूण व्याज सुमारे ९३ हजार, म्हणजे मुद्दलाहून जास्त. पहिल्याच महिन्यात ४ हजारांतले ३,३०४ व्याज आणि करात जातात, मुद्दल उतरतं ६९६ रुपयांनी.

दुसरा सापळा फ्लॅट रेटचा. दुचाकीला ९० हजारांचं कर्ज, ११ टक्के फ्लॅट, ३६ हप्ते. व्याज २९,७०० रुपये, हप्ता ३,३२५. इथे ११ लिहिलं की संपलं, कारण तुम्ही मुद्दल दर महिन्याला परत करत असताना व्याज मात्र पूर्ण ९० हजारांवर तीन वर्षं आकारलेलं असतं. एक्सेलमधलं 'रेट' फंक्शन घ्या: पहिल्या जागी ३६, दुसऱ्या जागी उणे ३३२५, तिसऱ्या जागी ९००००. उत्तराला १२ ने गुणा. १९.५७ टक्के येतं. तोच आकडा शीटमध्ये जायला हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) देणं बंधनकारक आहे आणि त्यात एपीआर, म्हणजे व्याज आणि शुल्कं मिळून होणारा वार्षिक दर, छापलेला असतो. पण तो जसाच्या तसा उचलू नका. एपीआरमध्ये प्रोसेसिंग फीसुद्धा मोजलेली असते आणि ती तुम्ही आधीच भरून बसला आहात. कोणतं कर्ज आधी फेडायचं हे ठरवताना ती धरायची नाही.

याच कर्जात शिल्लकही हमखास चुकते. २० हप्ते उरले म्हणून २० गुणिले ३,३२५, म्हणजे ६६,५०० लिहिलं जातं. त्यात पुढचं व्याज आधीच आहे, आणि शीट त्यावर पुन्हा व्याज लावतं. खरी शिल्लक ५६,३५७ च्या आसपास आहे. फायनान्स कंपनीकडून फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज मुदतीआधी बंद करायचा हिशेब) किंवा परतफेडीचा तक्ता मागवा, त्यात शिल्लक मुद्दल वेगळं दिलेलं असतं.

बचत गटाचं किंवा ओळखीतलं कर्ज 'शेकडा दोन'ने असतं. ते महिन्याचे आहेत, रकान्यात २४ लिहायचे. भिशी आधीच उचलली असेल तर उरलेले हप्ते हेही कर्जच, दर शून्य. मामाकडून घेतलेले वीस हजार शून्य टक्क्याचे. अ‍ॅव्हलांचमध्ये मामा सगळ्यात शेवटी येतो, स्नोबॉलमध्ये बहुधा पहिला. नात्याचा भाव शीटला कळत नाही, तो क्रम स्वतः ठरवा.

सोन्यावरचं कर्ज मात्र या शीटला पचत नाही. बुलेट पद्धतीत वर्षाअखेरीस मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं असतं. इथे मासिक हप्ता भरलाच पाहिजे, म्हणून नुसत्या व्याजाइतकी रक्कम लिहायची आणि तेवढी खरोखरच बाजूला ठेवायची. मुदतीची तारीख शीटला माहीत नसते. दर कमी म्हणून अ‍ॅव्हलांच त्याला मागे ढकलतं, आणि इकडे लिलावाची नोटीस येते. सोनं सोडवायची तारीख वर्षाच्या आत असेल तर ते कर्ज शीटबाहेर काढा, आणि उरलेल्या महिन्यांइतके त्याचे भाग करून घरखर्चातच धरा.

आता दोन पद्धतींची झुंज. हिशेबाला तीन कर्जं घेऊ: कार्ड ८० हजार (४९.५६ टक्के, हप्ता ४,०००), वरची दुचाकी (५६,३५७ शिल्लक) आणि २ लाख ४० हजारांचं पर्सनल लोन (१६ टक्के, ईएमआय ९,७६०). हप्त्यांची बेरीज १७,०८५. दरमहा २१ हजार काढता येतात, म्हणजे हप्त्यांखेरीज जास्तीचे ३,९१५.

अ‍ॅव्हलांचने कार्ड १४ व्या महिन्यात, दुचाकी १६ व्या, सगळं २२ व्या महिन्यात संपतं. व्याज सुमारे ८०,३०० रुपये. स्नोबॉलने दुचाकी ९ व्या महिन्यातच मोकळी होते, कार्ड १७ व्या, शेवट २३ व्या. व्याज सुमारे ९१,१००. फरक १०,८०० रुपये आणि एक महिना. स्नोबॉलवाले सांगतात की लहान कर्ज लवकर संपलं की हुरूप येतो. त्यात तथ्य आहे, आणि ज्याचा फेडीचा बेत दोनदा मध्येच सुटलाय त्याला १०,८०० ही हुरूपाची किंमत परवडूही शकेल.

पण आपल्याकडे स्नोबॉलची अडचण हुरूपापलीकडची आहे. दुचाकीच्या कर्जात दर महिन्याला ३,९१५ जास्तीचे घ्या म्हटलं, तर बहुतेक फायनान्स कंपन्या घेत नाहीत. भाग-परतफेडीला किमान रक्कम, ठरावीक हप्ते झाल्यावरच मुभा, वर शुल्क आणि त्यावर जीएसटी. बदलत्या व्याजदराच्या, धंद्यासाठी नसलेल्या कर्जावर रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागत नाही, पण पर्सनल लोन आणि गाडीचं कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं. म्हणजे शीटवरचा स्नोबॉल प्रत्यक्षात बचत खात्यात पैसे साठवून एकदम फोरक्लोज करणं असा होतो, आणि साठत असताना त्या पैशावर मिळतं बचत खात्याचं व्याज. कार्ड याच्या उलट आहे: कितीही रक्कम, कोणत्याही दिवशी, बिनशुल्क. सर्वांत महाग कर्जच जास्तीचे पैसे सर्वांत सहज घेत असेल तर वाद उरतच नाही. कार्डावर थकबाकी आहे तोवर अ‍ॅव्हलांच, ते संपल्यावर काय हवं ते.

पर्सनल लोनमध्ये जास्तीची रक्कम भरताना अर्जात स्पष्ट लिहा की मुदत कमी करा, ईएमआय तोच ठेवा. शीट हेच गृहीत धरतं. काही ठिकाणी न सांगता ईएमआय कमी करून देतात, मग तुमचा तक्ता आणि बँकेचा तक्ता दोन वाटांनी जातात.

कार्डाबाबत शीटची आणखी तीन गृहीतकं सांभाळावी लागतात. एक, हप्ता ४ हजारच राहणार. अनेक बँकांत मिनिमम ड्यू (महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम) थकबाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून थकबाकी उतरली की तोही उतरतो. ऑटो-पेला 'किमान रक्कम' निवडली असेल तर खात्यातून दर महिन्याला कमी कमी पैसे जातात आणि योजना गुपचूप ढिली पडते. दोन, कार्डावर नवी खरेदी शून्य. थकबाकी असताना व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत, परवाच्या किराण्यावरही त्याच दिवसापासून व्याज चढतं. तीन, महिना संपला की एकदाच व्याज. खरं तर ते रोजच्या शिलकीवर लागतं. पगार १ तारखेला होतो आणि ड्यू डेट २० आहे, तर १ लाच भरा: ७,९१५ रुपये (४,००० अधिक जास्तीचे ३,९१५) १९ दिवस आधी भरल्याने दर खेपेला साधारण २०० रुपये वाचतात. आणि १४ व्या महिन्यात शीट शून्य दाखवतं तेव्हा पुढच्या स्टेटमेंटला मधल्या दिवसांचं थोडं व्याज येतंच. ते न बघितल्यामुळे लेट फी लागण्याचे प्रकार सर्रास होतात.

थकबाकीचं ईएमआयमध्ये रूपांतर मिळत असेल तर तीही ओळ शीटमध्ये करून बघा. ८० हजार, २४ महिने, १६ टक्के धरले तर ईएमआय ३,९१७, म्हणजे जीएसटी वगळता आधीच्या ४ हजारांहून कमीच. व्याज १४ हजार, त्यावर जीएसटी अडीच हजार. अ‍ॅव्हलांचने कार्डावर एकट्याने २५,७०० जात होते. दराच्या रकान्यात १६ नव्हे, १८.८८ लिहा. प्रोसेसिंग फी वेगळी मोजा. आणि मधेच बंद करायचं शुल्क आधी विचारा. मोठा धोका मात्र दुसराच: ईएमआय फिटत जाईल तशी कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होत जाते. अ‍ॅपमध्ये जाऊन मर्यादा कमी करून घ्या.

हे २१ हजार येणार कुठून, यावर शीट अवाक्षर काढत नाही. ते बजेटचं साधन नाहीच. त्यासाठीचं 'वायनॅब' (YNAB) हे अ‍ॅप वर्षाला १०९ डॉलर घेतं आणि भारतीय बँकांना जोडलं जात नाही, म्हणजे नोंदी हातानेच करायच्या. कर्जात असताना त्यापेक्षा वही बरी. पाकीट पद्धत (प्रत्येक खर्चाचे पैसे वेगळ्या पाकिटात) पुरेशी आहे, पण पहिलं पाकीट वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचं काढा. विम्याचा हप्ता १८ हजार, शाळेची फी ३० हजार, गणपती-दिवाळी १८ हजार, घरपट्टी आणि गाडीची सर्व्हिसिंग ६ हजार धरली तर ७२ हजार होतात, महिन्याला ६ हजार. कर्जफेडीचे बेत बहुतेक वेळा जूनमध्ये फीच्या वेळी आणि दिवाळीच्या आधी मोडतात, कारण हे ६ हजार 'जास्तीचे' समजून आधीच कार्डात भरलेले असतात आणि मग तेच कार्ड पुन्हा घासलं जातं. म्हणून २१ हजारांचा आकडा हे पाकीट भरल्यानंतरचा लिहा, आधीचा नको. बोनस किंवा एलटीए (प्रवास भत्ता) आलं तर महिनावार तक्त्यात त्या महिन्यासमोर जादा रक्कम भरायचा रकाना आहे, पण पैसे हातात पडल्यावरच तो भरा.

शेवटची ओळ शून्य झाली तरी कागदाचं काम उरतं आणि त्याची जागा या शीटमध्ये नाही. शिलकीच्या बाजूला एक रकाना स्वतः वाढवून घ्या: एनओसी (कर्ज फिटल्याचा ना-हरकत दाखला) आली का, दुचाकीच्या आरसीवरचा बोजा फॉर्म ३५ देऊन उतरवला का, दोन महिन्यांनी सिबिल अहवालात खातं 'क्लोज्ड' दिसतं का. तिथे 'सेटल्ड' दिसत असेल तर बँकेला लेखी कळवून दुरुस्त करून घ्या, कारण पुढचं कर्ज देणारा तो शब्द अर्धवट फेड म्हणूनच वाचतो.