घड्याळ, क्रम की मूल? दीड ते तीन वर्षांच्या वर्गाची दिनचर्या ठरवताना

वर्ग सुरू व्हायच्या आधीच भिंतीवरचा तक्ता तयार असतो. ९ ते ९.१५ आगमन, ९.१५ ते ९.३० गोलात गाणी, ९.३० ते १० मोकळा खेळ, आणि असंच पुढे दुपारपर्यंत. पालकांना तो आवडतो, संचालकांना आवडतो, तपासणीला येणाऱ्यांना तर फारच. ज्यांच्यासाठी तो केला त्या दीड-दोन वर्षांच्या मंडळींना मात्र घड्याळाशी काही देणंघेणं नसतं. 'दहा मिनिटांनी' हे त्यांच्या डोक्यावरून जातं. 'बूट काढले की हात धुवायचे' हे मात्र पक्कं कळतं. दिनचर्या निवडताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचे बरेच वाद मिटतात.

ढोबळमानाने तीन पद्धती समोर असतात. पहिली घड्याळी: प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली आणि सगळी मुलं एकत्र. दुसरी क्रमाची: कशानंतर काय हे ठरलेलं, पण किती वाजता आणि किती वेळ हे त्या दिवसावर सोडलेलं. तिसरी मुलागणिक: ज्याला झोप आली तो झोपेल, ज्याला भूक लागली त्याला वाढायचं, गट म्हणून एकत्र करायच्या गोष्टी फार थोड्या. यातली एकही शुद्ध स्वरूपात चालत नाही. पण कुठल्या बाजूला झुकायचं हे ठरवावं लागतं, नाहीतर तक्ता एक सांगतो आणि वर्ग दुसरंच करतो.

निवडण्याआधी दोन आकडे कागदावर लिहा: सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या मुलात किती महिन्यांचं अंतर आहे, आणि एका मोठ्या माणसामागे मुलं किती आहेत. अमेरिकेतली एनएईवायसी ही बालशिक्षण क्षेत्रातली संस्था १२ ते २८ महिन्यांच्या मुलांसाठी एका मोठ्या माणसामागे जास्तीत जास्त ४ आणि २१ ते ३६ महिन्यांसाठी ६ मुलं असं प्रमाण सुचवते. तुमच्याकडे एकीमागे दहा असतील, तर मुलागणिक पद्धतीचा विचारही करू नका. ती वाईट आहे म्हणून नव्हे; ती निभणार नाही म्हणून.

खरी परीक्षा: हात धुण्याची

पद्धतींची तुलना 'खेळ', 'गोष्ट', 'चित्र' या रकान्यांत करून काही कळत नाही. खेळाच्या वेळी तिन्ही वर्ग सारखेच दिसतात. फरक दिसतो तो एका गोष्टीतून दुसरीकडे जाताना.

बाहेर खेळून आत आल्यावरचं हात धुणं घ्या. दहा मुलं, एक बेसिन. साबण लावून निदान २० सेकंद चोळायचे ही नेहमीची शिफारस. पण त्याआधी बाही वर सारायची, पायरीवर चढायचं, नळ उघडायचा; नंतर नळ बंद करायचा (मुलाच्या दृष्टीने हाच मुख्य कार्यक्रम) आणि हात पुसायचे. एका मुलामागे सरळ एक मिनिट धरा. म्हणजे रांगेतलं दहावं मूल नऊ मिनिटं नुसतं उभं आहे. हातात काही नाही, समोर पुढच्याची पाठ आहे. चौथ्या मिनिटाला शर्ट ओढला जातो, सहाव्याला कुणीतरी कुणाला चावतं. मग संध्याकाळी आपण त्या मुलाच्या 'वागणुकीबद्दल' पालकांशी बोलायला बसतो.

घड्याळी पद्धतीत ही रांग अटळ आहे. साडेदहाला सगळ्यांचा खाऊ, म्हणजे सव्वादहाला सगळ्यांचे हात. क्रमाच्या पद्धतीत एक ताई दोन-तीन मुलांना घेऊन आत येते, दुसरी बाकीच्यांबरोबर बाहेरच थांबते; बूट, हात, ताट ही साखळी सगळ्यांना पाठ असल्याने पहिली मुलं खायला बसतात तोवर पुढची दोन बेसिनपाशी पोचलेली असतात. मुलागणिक पद्धतीत रांग मुळी लागतच नाही, पण खाऊचं टेबल पाऊण तास उघडं ठेवावं लागतं आणि एक माणूस तेवढा वेळ तिथे अडकतो.

यावर एक जुना, अजूनही उपयोगी पडणारा अभ्यास आहे. १९७२ मध्ये लेलॉरिन आणि रिस्ली यांनी एका पाळणाघरात माणसं वाटून देण्याच्या दोन तऱ्हा ताडून पाहिल्या. एका तऱ्हेत प्रत्येकीकडे मुलांचा एक गट होता आणि ती त्या गटाबरोबर फिरत होती. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येकीकडे एक जागा होती, आणि जे मूल त्या जागी येईल ते तिचं. जागा वाटून दिल्या तेव्हा मुलांचा फुकट जाणारा वेळ कमी झाला. कारण उघड आहे: गट घेऊन फिरायचं म्हटलं की सगळ्यात सावकाश मूल आटपेपर्यंत बाकीचे खोळंबतात. आपल्या वर्गात जाता-येता गोंधळ होत असेल, तर तक्त्यातल्या वेळा बदलण्याआधी कोण कुठे उभं राहतं ते बदलून बघा. माझ्या मते दिनचर्येतला निम्मा प्रश्न वेळेचा नसून माणसांच्या वाटणीचा असतो.

डायपर, पॉटी आणि ओळखीचे हात

मात्र जागावाटपाचा नियम डायपर बदलण्याच्या टेबलापर्यंत ताणू नये. खाऊ वाढणारी कोणीही चालते. कपडे काढणारी, पुसणारी, झोपवणारी ओळखीची हवी. एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ मध्ये बुडापेस्टमध्ये बालगृह सुरू केलं. तिथे आंघोळ, कपडे बदलणं, भरवणं ही कामं उरकायची म्हणून केली जात नसत. मूल आणि सांभाळणारी यांच्या नात्याची मुख्य वेळ तीच मानली जाई. मुलांचा नंबर लागण्याचा क्रमही ठरलेला असे, म्हणजे आपल्या आधी कोण आणि नंतर कोण हे मुलाला ठाऊक. एवढ्याशा मुलांना वाट बघणं त्यामुळेच जमत असे. क्रमाची पद्धत निवडणाऱ्यांनी ही युक्ती जशीच्या तशी उचलावी.

तक्त्यात डायपरला १५ मिनिटं दिलेली मी अनेकदा पाहते आणि हिशोब कुणी केला होता का असा प्रश्न पडतो. आठ मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटं. त्यात बोलणं, हसणं, आपली चड्डी आपण ओढायला देणं आलं तर आणखी जास्त. घड्याळी वर्गात ही चाळीस मिनिटं पंधरात कोंबली जातात आणि मूल हातातल्या वस्तूसारखं उलटंपालटं होतं. उपाय साधा आहे: मोकळा खेळ चालू असतानाच एकेकाला बोलवायचं, निदान दर दोन तासांनी तपासायचं, आणि शी झाली असेल तर कुठल्याही वेळापत्रकाची वाट न बघता लगेच. पॉटीवर सगळ्यांना एकदम ओळीने बसवणं तर सोडूनच द्या. त्यात मूल शिकतं ते फार तर बसून राहणं.

झोप: इथे घड्याळ जिंकतं

आतापर्यंत घड्याळाला नावं ठेवली, पण झोपेच्या बाबतीत त्याचीच बाजू घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसाची डुलकी धरून ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी, तीही नियमित वेळी. वर्गातली झोप रोज तासभर मागेपुढे झाली, तर त्याचा त्रास रात्री घरी होतो: उशिरा झोपलेलं मूल उशिरा उठतं आणि रात्री दहापर्यंत टक्क जागं राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चिरचिरं मूल पुन्हा आपल्याच दारात येतं.

अडचण येते ती लहानांची. दोन डुलक्यांवरून एकीवर येण्याचं वय साधारण १५ ते १८ महिने. म्हणजे ज्या वर्गात दीड वर्षांची आणि पावणेतीन वर्षांची मुलं एकत्र आहेत, तिथे एखादं सकाळी अकरालाच ताटात डोकं टेकणार. निव्वळ घड्याळी पद्धत त्याला गाणी म्हणून, तोंडावर पाणी मारून जागं ठेवते. हे मला पटत नाही. निव्वळ मुलागणिक पद्धतीत दिवसभर एक कोपरा अंधारा ठेवावा लागतो आणि झोपलेल्यावर लक्ष ठेवायला एक माणूस द्यावं लागतं. मधला मार्ग परवडतो: झोपेची वेळ सगळ्यांसाठी एकच, पण त्या एक-दोन लहानग्यांचं जेवण अर्धा तास आधी. ती आधी झोपतात, बाकीचे मागून येतात. आणि ज्याला झोप येतच नाही त्याला वीस-पंचवीस मिनिटं आडवं पडून झाल्यावर पुस्तक द्या. दोन तास छताकडे बघत पडायला लावणं ही शिक्षाच आहे, नाव विश्रांतीचं असलं तरी.

बाहेर आणि गोलात

बाहेरचा खेळही वेळेला बांधलेला बरा. वरच्याच मार्गदर्शनात १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात किमान १८० मिनिटं शारीरिक हालचाल सांगितली आहे, आणि खुर्चीत किंवा बाबागाडीत सलग तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये असंही. क्रमाच्या पद्धतीत सकाळ लांबली की पहिली कात्री लागते ती बाहेर जाण्याला. शिवाय अंगण इतर वर्गांबरोबर वाटून घ्यायचं असेल, तर वेळ आपल्या हातातच नसते.

गोलात बसणं पाच ते सात मिनिटं पुरे, उठून जायची मुभा ठेवून. दोन वर्षांच्या मुलांना वीस मिनिटं मांडी घालून बसवणं हा मोठ्यांचा हट्ट. त्यापेक्षा मोकळ्या खेळाचे तुकडे करू नका. माँटेसरी पद्धतीतलं तीन तासांचं सलग काम हे ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठीचं. ते या वयाला लावायचं कारण नाही. पण त्यामागचं तत्त्व इथेही लागू पडतं: पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार खेळांपेक्षा सलग तासभराचा एक खेळ बरा. मूल रमायलाच दहा मिनिटं घेतं.

ताई रजेवर असली की

हा मुद्दा तुलनेत सहसा येत नाही आणि प्रत्यक्षात सगळ्यात आधी आडवा येतो. घड्याळी तक्ता बदली ताईच्या हाती दिला की दिवस निघतो. मुलागणिक दिनचर्या बहुतेक वेळा एकाच बाईच्या डोक्यात असते. ती आजारी पडली की कोणाला कधी झोपवायचं, कोण कशाशिवाय झोपत नाही, हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे ती पद्धत घ्यायची तर कोणी किती खाल्लं, कधी झोपलं, डायपर कधी बदललं याचा फळा रोज, त्या त्या वेळी भरायला हवा. दिवस संपल्यावर आठवून भरलेला फळा काही कामाचा नाही. क्रमाची पद्धत इथे स्वस्तात सुटते: बूट, बेसिन, ताट, गादी, दार असे पाच-सहा फोटो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचे. नवीन माणसाला मुलंच बोट दाखवून सांगतात.

पालकांपुढे मात्र घड्याळी तक्त्याची बाजू जड. 'साडेबाराला जेवण' हे त्यांना कळतं, 'खेळून झालं की जेवण' यावर भुवया उंचावतात. त्यांना झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा ठामपणे सांगा, बाकी क्रम सांगा. बहुतेकांना हव्या असतात त्या याच दोन वेळा.

मग निवडायचं काय?

माझा कौल: जेवण, झोप आणि बाहेर जाणं या तीन खुंट्या घड्याळाने ठोका, मधलं सगळं क्रमावर सोडा. दोन मोठी माणसं आणि आठ-दहा मुलं असलेल्या बहुतेक वर्गांना हे झेपतं. मुलं बरीचशी दीड वर्षांच्या आसपासची असतील आणि माणसं पुरेशी असतील, तर मुलागणिक पद्धतीकडे झुका. त्या वयात भूक आणि झोप प्रत्येकाची वेगळीच असते. एकट्याने वर्ग सांभाळायचा असेल, तर जागावाटपाचा उपयोग नाही. तिथे क्रम अगदी पक्का ठेवा, टप्पे कमी करा आणि जिथे थांबणं टळत नाही तिथे हातांची गाणी तयार ठेवा. मोठ्या संस्थेत स्वयंपाकघर आणि अंगण सामाईक असेल, तर घड्याळाशी भांडण्यात अर्थ नाही. फक्त प्रत्येक बदलाआधी पाच-दहा मिनिटं मोकळी सोडा, म्हणजे बूट घालण्यात वेळ गेला म्हणून कुणी ओरडणार नाही.

नवी मुलं दाखल होतात ते पहिले काही आठवडे कुठलीच पद्धत धड चालणार नाही. त्या काळात निष्कर्ष काढू नका.

पद्धत बदलायची ठरली तर सगळी एकदम बदलू नका. आठवडाभर एकीने फक्त एवढंच लिहावं: कोणतं मूल, कुठे, किती मिनिटं काही न करता थांबलं. जिथे आकडा सगळ्यात मोठा, तिथला एकच दुवा आधी बदला. बहुधा तो बेसिनपाशीच सापडेल. आठवड्याने पुन्हा मोजा. आकडा हलला नसेल, तर वेळा तशाच ठेवून एका ताईची जागा बदलून बघा, आणि मगच भिंतीवरच्या तक्त्याला हात लावा.