नाशिकच्या द्वारकाजवळचं चाचांचं गॅरेज: हेरल्डचा क्लच गिअरबॉक्स न उतरवता सुटला

बाबांची १९६७ ची स्टँडर्ड हेरल्ड आहे, मद्रासला बनलेली, दोन दारांची, ९४८ सीसी. पावसाळ्यात चार महिने शेडमध्ये झाकून होती. दसऱ्याच्या आधी बॅटरी चार्ज करून स्टार्टर मारला तर इंजिन लगेच चालू झालं पण गिअर काही पडेना. क्लच तळापर्यंत दाबूनही नुसती कडकड, रिव्हर्सला तर हात लावायची सोय नाही. आणि इंजिन बंद केलं की चारही गिअर लोण्यासारखे पडतात. म्हणजे पेडल दाबूनही क्लच इंजिनाला गिअरबॉक्सपासून सोडतच नव्हता.

आधी घराजवळच्या एकाला बोलावलं. त्याने क्लचच्या ऑइलच्या पाइपातली एअर काढली, पेडल बरंच कडक झालं, पण गिअरचं तेच. मग म्हणाला क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवायला लागेल, १८ हजार धरून चाला आणि तेही पार्ट मिळाले तर. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. ओळखीच्या एका काकांनी द्वारकाजवळच्या या गॅरेजचं नाव सुचवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आता मीही तेच म्हणते.

गाडी टो करून नेली. चाचांनी पाना हातातच घेतला नाही आधी. गाडी किती दिवस उभी होती, कुठे उभी होती, शेवटची चालवली तेव्हा गिअर कसा पडायचा, पेडल कुठून लागायचं, सगळं विचारून घेतलं. मग टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणे झोपले आणि मला म्हणाले, ताई, पेडल हळू दाबा, अजून हळू. पेडल खाली जातंय आणि मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की क्लचकडे ऑइल ढकलतो तो) दांडी हलतच नाहीये, जवळजवळ बोटभर पेडल फुकट जात होतं! तिथली पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली तर मधोमध खपून डमरूसारखी झालेली, आणि पेडलचं भोक अंड्यासारखं लांबट. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की जुन्या गाडीचं पेडल असंच असतं.

हेरल्डचं एक बरं आहे, गिअरबॉक्सवरचं कव्हर गाडीच्या आतूनच निघतं, खाली शिरायला लागत नाही. कव्हर काढलं की स्लेव्ह सिलिंडर समोर, त्या ऑइलच्या जोराने क्लच दाबतो तो. चाचांनी स्टीलची फुटपट्टी लावली, मी पेडल दाबलं, दांडी सरकली जेमतेम ६ मिलिमीटर. त्यांच्या हिशोबाने अर्धा इंच तरी यायला पाहिजे. मग बाबांना पेडलवर बसवलं आणि मला म्हणाले ताई, हा ऑइलचा रबरी पाइप दोन बोटांत धरा, नाडी बघतात तसा. बाबांनी पेडल दाबलं की पाइप बोटांत फुगायचा, अगदी कळेल असा. म्हणजे प्रेशर क्लचपर्यंत जायच्या ऐवजी अर्धं पाइप फुगवण्यातच चाललेलं. बाहेरून बघितलं तर पाइपला ना चीर ना थेंब, त्यामुळे आधीच्याच्या लक्षात आलं नसावं.

पाइप मुंबईहून मागवला, स्लेव्हचं रबर किट बदललं. पेडलचं भोक भरून परत पाडणं आणि नवीन पिन हे सातपूरच्या एका लेथवाल्याकडून करून आणलं. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं, ते भरताना बॉनेटच्या कडेला ओलं फडकं पसरलं कारण ते सांडलं की रंग उठतो, आणि बाटलीही सीलबंद फोडली, उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते म्हणाले. दांडी आता १३ मिलिमीटर सरकत होती. आणि तरीही गिअर पडेना!

मला रडूच आलं होतं. चाचा शांत. म्हणाले आता नक्की कळलं, प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) चिकटलीय, चार महिने ओल्या हवेत उभी होती ना. इंजिन गरम करून बंद केलं, गाडी मोकळ्या मैदानात नेली, पुढे कोणीही नाही याची खात्री केली, पहिला गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबून ठेवला आणि तसाच स्टार्टर मारला. गाडी उडी मारून चालायला लागली, क्लच दाबलेलाच, आणि चाचा ॲक्सिलरेटर दाबतात-सोडतात, दाबतात-सोडतात. तिसऱ्या फेरीला खालून टक्क आवाज आला आणि इंजिन मोकळं फिरायला लागलं, गाडी आपोआप थांबत गेली. बाबा तिथेच हात जोडून उभे राहिले.

हे घरी एकट्याने गल्लीत करू नका प्लीज, गाडी थांबवायला ब्रेक चांगले हवेत आणि जागा मोठी हवी.

एकूण बिल ३,४०० झालं, त्यात लेथवाल्याचे पैसे आले. १८ हजारांचं काम नव्हतंच ते. नवीन प्लेट विकून चाचांना जास्त मिळाले असते, आम्हाला काय कळणार होतं, पण त्यांनी एकेक गोष्ट दाखवून, मोजून, मगच हात लावला. यासाठी पाच स्टार.

तक्रारी पण सांगते. नऊ दिवस लागले, त्यातले चार नुसते पाइपची वाट बघण्यात. चाचा फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जाऊन विचारायला लागतं. छापील बिल नाही, वहीच्या कागदावर हिशोब. गाडी आत लावायला जागा एकाच गाडीची, बाकीच्या रस्त्यावर, त्यामुळे रात्री मला काळजी लागायची, शेवटी आम्ही रोज संध्याकाळी कव्हर घालायला जात होतो.

परवा त्र्यंबकला जाऊन आलो, गाडी बाबांनी चालवली. पहिला गिअर हेरल्डमध्ये गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नसतो, तो सोडला तर सगळे गिअर एका बोटाने पडतायत. तुम्ही जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, शुक्रवारी दुपारी बंद असतं, आणि पेडल दाबायला कोणीतरी सोबत न्या.