बिल्ज पंपाचा एनआरव्ही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

30 फुटी फायबरची शिडाची बोट, मुंबई बंदरात मूरिंगवर, ऑक्टोबर ते मे असा पूर्ण हंगाम. बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणारं पाणी उपसायला ताशी सुमारे 4,000 लिटरचा 12 व्होल्ट सेंट्रिफ्यूगल पंप, 28 मिमी नळी आणि पंपाच्या डोक्यावरच बसवलेला स्प्रिंग-फ्लॅपचा एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप).

दुकानात सांगतात, 'हा लावा, समुद्र आत येणार नाही.' यावर अजिबात विसंबू नका. फ्लॅपखाली फायबरची एक कपची किंवा केबल टायचा तुकडा अडकला की संपलं. तिसऱ्या महिन्यात नेमकं तेच झालं. समुद्र अडवायचं काम नळीच्या उंच वळणाचं. 3 मीटर रुंदीची बोट 20 अंश कलली की बाजू अर्धा मीटर खाली जाते. म्हणजे बाजूला, पाण्यापासून 30 सेंमीवर ठेवलेलं नळीचं तोंड बुडालंच. तोंड ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर) मध्याजवळ हवं, वळणही मध्यरेषेजवळ, डेकखाली जमेल तितकं उंच. वळणाच्या माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर सायफन (पाणी नळीतून आपोआप आत ओढलं जाणं) तुटत नाही. त्यातलं रबर मिठाने चिकटतं; महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. पंप चालू असताना तिथून पिचकारी उडते, म्हणून बारीक नळी लावून ती बिल्जमध्ये सोडा.

एनआरव्हीचा खरा उपयोग एवढाच, की पंप थांबल्यावर नळीतलं पाणी परत येऊ नये. इथे हिशेब करा. 28 मिमीच्या 1 मीटर नळीत 0.6 लिटर पाणी मावतं. पंपापासून माथ्यापर्यंत 4 मीटर म्हणजे जवळपास अडीच लिटर. बिल्जमध्ये पंप बसतो त्या 30 × 12 सेंमीच्या खड्ड्यात ते 7 सेंमी चढतं, आणि फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच) साधारण 5 सेंमीला चालू होतो! पंप चालू-बंद, चालू-बंद, आणि सकाळी बॅटरी झोपलेली. तेवढीच नळी 19 मिमीची असेल तर 1.1 लिटर, म्हणजे 3 सेंमी. स्विच हलत नाही आणि एनआरव्हीची गरजही उरत नाही.

त्यामुळे आता खड्ड्यात ताशी 1,900 लिटरचा छोटा पंप 19 मिमी नळीवर आहे. मोठा पंप त्याच्या 15 सेंमी वर, वेगळा स्विच, वेगळं तोंड. दोघांना टी-जॉइंट लावून एका नळीत आणू नका. एकाचं पाणी दुसऱ्यातून परत खड्ड्यात येतं.

एनआरव्ही ठेवायचाच असेल तर फ्लॅपऐवजी रबरी डकबिल (बदकाच्या चोचीसारखा व्हॉल्व्ह) घ्या, कचरा कमी अडकतो. पण एअरलॉक त्यातही होतो: वरच्या पाण्याचा भार व्हॉल्व्ह दाबून धरतो, पंपात हवा कोंडते, मोटर गुरगुरते आणि थेंबही बाहेर पडत नाही. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या नळीला 3 मिमीचं भोक पाडलं की हवा सुटते. थोडं पाणी बिल्जमध्येच उडतं, उडू द्या.

नळी आतून गुळगुळीत घ्या. खाचांची स्वस्त नळी प्रवाह कमी करते आणि वळणावर चिरते.