लाइम, टोटा की स्टीम: अ‍ॅड हॉक नेटवर्कसाठी मिडलवेअर निवडताना

कोसळलेल्या इमारतीत शोधपथक उतरलंय असं धरू. टॉवर बंद, सर्व्हर नाही. आठ-दहा हँडसेट एकमेकांशी थेट वाय-फायवर बोलतात (हेच अ‍ॅड हॉक नेटवर्क) आणि माणसं हलली की जोडण्या तुटतात, नव्यानं जुळतात. इथल्या अ‍ॅपला तीन गोष्टी कळायला हव्यात: कोणतं काम कोणी घेतलं, डॉक्टर कोणत्या बाजूला आहे आणि धोका कुठे आहे. लाइम, टोटा आणि स्टीम ही तीन मिडलवेअर, म्हणजे अ‍ॅप आणि नेटवर्क यांच्या मधला सॉफ्टवेअरचा थर. तिघंही ‘परिस्थितीची जाण’ देतात. पण जोडणी तुटली की प्रत्येकाचं वागणं वेगळं, आणि निवड त्यावरूनच करावी.

कामवाटपासाठी लाइम. पिको, मर्फी आणि रोमन यांनी 1999 मध्ये मांडलेल्या या मिडलवेअरचा पाया डेव्हिड गेलर्न्टर यांच्या लिंडा या सामायिक साठ्यातून संवाद साधण्याच्या मॉडेलचा आहे. प्रत्येक यंत्राकडे नोंदींचा, म्हणजे ट्यूपलचा, स्वतःचा साठा असतो. यंत्रं एकमेकांच्या टप्प्यात आली की हे साठे मिळून एकच सामायिक साठा दिसतो. दूर गेली की जो तो आपापल्या नोंदी घेऊन जातो. नोंद ‘आउट’नं टाकायची, ‘आरडी’नं वाचायची, ‘इन’नं उचलायची. ‘ब विभाग तपासा’ ही नोंद एकानं ‘इन’ केली की ती दुसऱ्याला मिळत नाही. अशी मक्तेदारी बाकी दोघांत आयती मिळत नाही.

ही सोय फुकट नाही. साठे जुळणं आणि सुटणं सर्व सदस्यांसाठी एकसंध व्हावं असं लाइम गृहीत धरतं आणि त्यासाठी यंत्रांना आपसात व्यवहार पूर्ण करावा लागतो. व्यवहार अर्धवट असताना कोणी भिंतीआड गेलं की बाकीचे टाइमआउट होईपर्यंत अडकतात. त्याहून वाईट म्हणजे ‘इन’चं उत्तर वाटेत हरवणं: देणाऱ्याकडून नोंद गेली, घेणाऱ्याला पोचली नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या आणि पोच येईपर्यंत ती ‘दिलेली’ म्हणून राखून ठेवा. पोच आलीच नाही तर पुन्हा वाटायची का, हे कोड लिहिण्यापूर्वी ठरवा. शोधकार्यात विभाग दोनदा तपासला गेला तर चालेल, राहून गेला तर चालणार नाही. तिथे पुन्हा वाटणंच बरोबर. एकसंधतेचा भार नको असेल तर लिमोने हे लाइमसारखंच पण हलकं मिडलवेअर पाहा. ते ओळखीच्या शेजाऱ्यांची यादी ठेवतं आणि टाइमआउटवर भागवतं. सतत हलणाऱ्या पथकासाठी आमचा कौल लिमोनेला आहे.

डॉक्टरची दिशा शोधायला टोटा. मामेई आणि झांबोनेल्ली यांच्या या रचनेत ट्यूपलसोबत त्याच्या पसरण्याचा नियमही जातो. डॉक्टरच्या यंत्रातून 0 निघतो, शेजारी 1, त्यांच्या शेजारी 2. ज्या शेजाऱ्याकडे आकडा कमी, तिकडे डॉक्टरकडे जाणारी साखळी. जीपीएस लागत नाही, हा बंद जागेत मोठा फायदा. मात्र हॉप, म्हणजे एका यंत्रावरून पुढच्यावर पडणारी उडी, म्हणजे मीटर नव्हेत: आकडा 1 असला तरी मध्ये पक्की भिंत असू शकते. शिवाय डॉक्टर चालू लागला की आकडे पुन्हा मांडावे लागतात. शेजाऱ्यांत आपल्यापेक्षा कमी आकडा कोणाकडेच उरला नाही, तर यंत्रानं आपला आकडा पुसायला हवा. नाहीतर निघून गेलेल्या डॉक्टरची जुनी वाट दिसत राहते.

धोक्याच्या सूचनेला स्टीम. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या या मिडलवेअरमध्ये ब्रोकर, म्हणजे संदेश वाटणारा मधला सर्व्हर, नाही. ‘गॅसगळती’ ही घटना किती भौगोलिक क्षेत्रापुरती लागू, हे पाठवणारा ठरवतो. त्या क्षेत्रात असलेल्या आणि त्या विषयात रस दाखवलेल्या यंत्रांनाच ती मिळते. क्षेत्र पाठवणाऱ्यासोबत सरकतंही, त्यामुळे वाहनांसाठी हे फार सोयीचं. अडचण स्थानाची: इमारतीत जीपीएस भरकटतं, तेव्हा त्रिज्येत अपेक्षित चूक मिळवा. 50 मीटर हवेत आणि चूक 20 असेल तर 70 लिहा. नंतर आत शिरणाऱ्यांसाठी घटना पुन्हापुन्हा पाठवा. चालणारा माणूस सेकंदाला साधारण 1.4 मीटर जातो, तेव्हा दर 5 सेकंदांनी पुरेसं.

वाहनांचं गणित मात्र वेगळं. समोरासमोरच्या दोन गाड्या ताशी 60 किमीनं येत असतील आणि रेडिओचा टप्पा 200 मीटर असेल, तर त्यांची भेट जेमतेम 12 सेकंदांची. ओएलएसआर या मार्ग शोधणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये मूळ सेटिंगनुसार ‘मी इथे आहे’ सांगणारा हॅलो संदेश दर 2 सेकंदांनी जातो आणि शेजारी 6 सेकंदांनी बाद होतो, म्हणजे निघून गेलेला शेजारी अर्ध्या भेटीएवढा वेळ यादीत राहतो. तिथे लाइमचा विचारच नको.

तिघांनाही छळणारा एक दोष आहे. हॅलो संदेश ब्रॉडकास्ट असल्यानं कमी वेगावर जातो आणि लांब पोचतो. डेटा जास्त वेगावर पाठवला की तेवढा पोचत नाही. यादीत शेजारी दिसतो, पण डेटाची पाकिटं गळतात. उपाय असा: सलग तीन हॅलो आल्याशिवाय शेजारी मानू नका, किंवा हॅलोचा वेग डेटाएवढा करा.

ही तिन्ही संशोधनातून आलेली आहेत, तेव्हा तयार पॅकेजच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका. रचना उचला आणि लागेल तेवढंच लिहा. साध्या अँड्रॉइड फोनवर वाय-फायचा अ‍ॅड हॉक मोड मिळत नाही. वाय-फाय डायरेक्टमध्ये गटप्रमुख फोन बंद पडला की गटच मोडतो. त्यामुळे पहिला प्रयोग लिनक्सच्या छोट्या बोर्डांवर यंत्रांचं आपसातलं जाळं जुळवणारं 802.11एस किंवा बॅटमॅन-अ‍ॅडव्ह वापरून करा, आणि चाचणीत एकाच दिशेची पाकिटं मुद्दाम अडवा. जोडणी पूर्ण तुटली तर बहुतेक कोड तगतो. पाठवता येतं पण ऐकू येत नाही, अशा स्थितीत त्याच्या चुका बाहेर पडतात.