बेळगावातल्या वडगावच्या जुन्या यंत्रमागाच्या शेडमधल्या प्रायोगिक मैफली: नऊ महिन्यांनंतर

जुलैत सहा मैफलींचा पास काढला. डिसेंबरात तो संपला, त्याच संध्याकाळी दुसरा काढला, आणि आता मार्चची मैफल होऊन आठवडा झालाय. महिन्याला एक याप्रमाणे नऊ झाल्या, त्यातली एक चुलत बहिणीच्या साखरपुड्यामुळं चुकली. ऑफिसातले, गल्लीतले, खानापूर-निपाणीकडचे पाहुणे सगळे एकच विचारतात, "तिथं नेमकं असतं काय? पैसे देऊन ऐकण्यासारखं आहे का?" दरवेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. जागेचं नाव घालत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत आणि चालवणारी चार पोरं पदरमोड करून हे करतात. वडगावात येऊन, गाण्याचे कार्यक्रम होतात ती जुनी मागाची शेड कुठली, एवढं विचारलंत तरी कुणीही दाखवेल.

माझ्याबद्दल थोडक्यात. पतसंस्थेत नोकरी करते, लहानपणी सहा वर्षं पेटी शिकले, शास्त्रीय गाणं मनापासून ऐकते. वडिलांचे खासबागेत दोन यंत्रमाग होते. भिंतीपलीकडं माग आणि अलीकडं आम्ही भावंडं अभ्यासाला, असं बालपण गेलं. मागाच्या शेडीत मैफली होतात हे कळल्यावर पहिल्यांदा गेले ती खरं तर शेड बघायलाच.

तो जुलै होता. बेळगावचा जुलै. एक पेटीवाला समोर येऊन बसला, भाता मिटला, मांडीजवळ घड्याळ ठेवलं आणि एकही सूर न वाजवता बसून राहिला. चार मिनिटं तेहतीस सेकंद. ही रचना जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ डेव्हिड ट्यूडर या पियानोवादकानं ती पहिल्यांदा सादर केली. तिचे तीन भाग आहेत आणि तिन्हींत वादकानं काही वाजवायचं नसतं. हे सगळं मला नंतर समजलं. त्या वेळी नुसतं अवघडल्यासारखं झालं. पहिला भाग तसाच गेला, कुणी खोकलं, कुणाची खुर्ची करकरली. दुसरा भाग सुरू झाला आणि सर आली. आधी बाहेरच्या नारळावर, मग शेजारच्या कौलांवर, मग आमच्या पत्र्यावर. तीन आवाज, एकामागोमाग एक. कौलांवरचा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस वेगळा वाजतो हे मला जन्मापासून माहीत असणार, पण मी तो कधी सुटा करून ऐकला नव्हता. पत्र्याच्या एका कोपऱ्यात सांधा उघडा होता, तिथून थेंब खालच्या लोखंडी पट्टीवर पडत होता, आणि शेवटी शेवटी सगळी शेड त्या एका थेंबाची वाट बघत होती असं वाटलं.

माझ्या मागं बसलेले एक काका संपल्यावर तावातावानं म्हणाले, "गप्प बसायचे पैसे घेऊलालेत काय हे?" त्यांचा राग मला समजला. वुडस्टॉकलाही लोक चिडून उठून गेले होते. पण घरी येऊन वाचलं, की १९५२ च्या त्या पहिल्या प्रयोगातही दुसऱ्याच भागात छपरावर थेंब वाजायला लागले होते आणि केजच्या लक्षात राहिलं ते तेच. वाचताना अंगावर काटा आला. मी दुसऱ्या महिन्यात पुन्हा गेले ती त्या रात्रीमुळं.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या मैफली ठीक होत्या. एकीत रेल्वेचे आवाज जोडून केलेली रचना होती. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ साली आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित करून, त्यांचे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवून, एकमेकांना जोडून या प्रकाराची सुरुवात केली, त्याच वाटेवरची. टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटापाशी फाटक पडल्यावर जी घंटा वाजते ती त्यात ओळखू आली आणि सगळी शेड एकदम सरसावून बसली. बाकीचं फारसं लक्षात राहिलं नाही.

नोव्हेंबरची मैफल मात्र आयुष्यभर लक्षात राहील. मिरजेचे चार तंबोरे, चार वाजवणारे, दीड तास. गायक नाही, तबला नाही. मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं तंतुवाद्यं घडतायत, आपल्याकडची निम्मी गाणारी मंडळी तिथूनच तंबोरा आणतात, पण आपण तंबोरा ऐकतो तो गाण्याच्या मागचा. इथं तोच पुढं होता. सुरुवातीची दहा मिनिटं नुसती जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावण्यात गेली, तीही सगळ्यांसमोर. मी पहिल्या रांगेत होते. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा असतो, तो वाजवणाऱ्या बाई अंगठ्याच्या नखानं ढकलत होत्या. दोरा चुकीच्या जागी असला की तार लाकडावर आपटल्यासारखी बोलते. मग केसभर सरकला आणि आवाज उघडला. एका तारेतून एकदम कितीतरी स्वर बाहेर आले, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसे. त्या बाई हसल्या आणि पुढच्या तारेकडं वळल्या.

चाळीसेक मिनिटांनी मला स्पष्ट गंधार, म्हणजे सा-रे-ग मधला ग, ऐकू यायला लागला. चारही तंबोऱ्यांत गंधाराची तार नव्हती. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या सा च्या, तारेच्या पोटातच तो असतो, मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचा, आणि जवारी नीट उघडली की वर तरंगतो. हे मी पेटीच्या क्लासमध्ये ऐकलं होतं, पाठही केलं होतं. कानांनी भेटला तो त्या दिवशी. नंतर त्यांनी एकेक तार अगदी सावकाश उतरवली, तेव्हा तोच गंधार डळमळायला लागला, त्याला लाटा फुटल्या, आणि शेजारच्या आजींनी माझा हात धरला. त्याही वडगावच्याच, कन्नड बोलणाऱ्या. आम्ही एकमेकींशी काही बोललो नाही.

शेवटी आयोजकांपैकी एकानं सांगितलेली गोष्ट मला फार मोलाची वाटली. न्यूयॉर्कमध्ये ला मॉन्ट यंग हा संगीतकार तासन्‌तास एकाच स्वरसंघाताचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या एकाच जुळणीचं, संगीत करत होता, तो आणि टेरी रायली हा दुसरा संगीतकार १९७० साली पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे गायक. आणि त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ ज्या मिरजेत राहिले, तिथलेच हे तंबोरे. परदेशातलं काहीतरी अवघड म्हणून आपण ज्याला बिचकतो, त्याची एक वाट इथून दोन-तीन तासांवरच्या गावातून गेलीय.

आता न आवडलेलं. ऑक्टोबर आणि जानेवारी या दोन मैफली माझ्या मते वाया गेल्या. दोन्हीकडं टेबलावर लॅपटॉप, वाजवणाऱ्याचा चेहरा पडद्यामागं आणि तासभर घरघर. यंत्रावर माझा राग नाही. फेब्रुवारीत त्याच शेडमध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या जुन्या ध्वनिफिती ऐकवल्या. १९६९ साली तिथं मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं यंत्र, आला, कपाटाएवढा, टेलिफोन एक्स्चेंजसारख्या वायरी जोडून चालणारा, आणि तो बसवून द्यायला तोच डेव्हिड ट्यूडर आला होता. १९६९ ते १९७२ या काळात आपल्या लोकांनी त्यावर जे करून पाहिलंय ते आजही ताजं वाटतं. त्यात गीता साराभाई होत्या. त्यांनीच १९४६ साली केजला भारतीय संगीत शिकवलं होतं. म्हणजे जुलैतल्या त्या गप्प पेटीचा धागा इथं येऊन मिळाला. त्या ध्वनिफितींमध्ये कुणीतरी एक बटण फिरवून थांबलंय, काय झालं ते ऐकतंय, मग पुढं जातंय, हे कळतं. जानेवारीच्या माणसानं आमची शेड ऐकलीच नाही. त्याचा कार्यक्रम मुंबईत झाला असता तरी हाच झाला असता.

दुसरी तक्रार आवाजाची, आणि ती मी गंभीरपणे करतेय. जानेवारीत माझे कान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजत होते. पत्र्याची शेड आहे, आवाज परत फिरून अंगावर येतो. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात वर्षानुवर्षं रोज आठ तास काढले तर कानाला कायमची इजा होऊ शकते, आणि पहिल्यांदा जातात ते ४००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक आवाज. मागवाल्यांच्या घरात हे कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, मोबाइलची रिंग ऐकू येत नाही. कुकरची शिटी ऐकू येत नाही. नातीचं बोलणं तिच्या ओठांवरून ओळखतात. मी हे आयोजकांना भेटून सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. फेब्रुवारीपासून दारात कानात घालायचे बोळे ठेवतात आणि मोठ्या आवाजाचा कार्यक्रम असेल तर आधी सांगतात. एवढ्यावर भागत नाही, स्पीकर भिंतीपासून पुढं घ्यायला हवेत, पण सुरुवात झाली.

भाषेचंही सांगायला हवं. पहिले पाच महिने माहितीपत्रक फक्त इंग्रजीत. ऐकायला येणारे वडगाव-शहापूरचे, मराठी आणि कन्नड बोलणारे. जुलैतले ते काका चिडले कारण समोर काय चाललंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. डिसेंबरपासून कागदाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असतं. मराठी जरा पुस्तकी आहे, पण आहे. ते काका परत आलेत.

आता मार्च. शेडच्या कोपऱ्यात जुना माग तसाच ठेवलाय हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. त्याची दुरुस्ती करून या वेळी त्याचीच मैफल ठेवली. मी आप्पांना घेऊन गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. "काय गं, माग ऐकायला पैसे देऊलालीस?" एवढंच म्हणाले, पण कपाटातनं इस्त्रीचा शर्ट काढायला लावला.

बंगळूरहून आलेल्या मुलीनं रुपयाच्या नाण्याएवढ्या पितळी चकत्या मागाला चिकटवल्या होत्या, फणीच्या दांड्यावर, धोट्याच्या पेटीवर, खालच्या ओतीव पायावर. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावणारा लाकडी तुकडा, आणि फणी तो धागा ठोकून बसवते. या चकत्या हवेतला आवाज घेत नाहीत, ज्या वस्तूला लावल्या तिची थरथर घेतात. तिनं आधी चाक हातानं फिरवलं, अगदी सावकाश. मिनिटाला शंभराच्या वर फटके मारणारं यंत्र एकेक फटका पाच-दहा सेकंदांत मारायला लागलं आणि आत किती काय चालतं ते ऐकू आलं. दात्यांची चाकं एकमेकांत शिरतात, चामडं ताणतं, फणी पुढं येऊन थांबते. मध्येच तिनं वरच्या पट्टीतली बारीक शीळ मिसळली. मी कानांवर हात नेला. आप्पा शांत बसून होते. त्यांना ती आलीच नाही. पण खालचे धक्के आले की त्यांची बोटं बाकाच्या कडेवर हलत होती.

मग तिनं मोटर लावली. ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, थोडाच चढवला होता, तीन-चार मिनिटांपुरता. माग सुरू झाला आणि आप्पांनी माझ्याकडं वळून, त्यांच्या मते हळू आवाजात, म्हटलं, "धोटा उसळूलालाय."

सगळ्या शेडीनं ऐकलं. तिनं माग थांबवून त्यांना पुढं बोलावलं. आप्पा गेले, धोट्याच्या पेटीवर तळहात ठेवला आणि पुन्हा चालू करायला सांगितलं. "पेटीत धोटा बसला की एकच फटका पाहिजे. हितं मागनं अजून एक बारीक येऊलालाय बघ." तिनं त्या एकाच चकतीचा आवाज मोठा केला. दोन फटके स्पष्ट ऐकू आले, एक ठोस आणि लगेच त्याची सावली. धोटा पेटीत शिरून पुन्हा थोडा मागं येत होता. आप्पांनी पाना मागितला, पेटीची पट्टी कसली, हातानं धोटा आत-बाहेर करून पाहिला, अजून थोडी कसली. मोटर लागली. एकच फटका.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनं बाकीचे सगळे आवाज बंद केले आणि उरलेली मैफल त्या एका फटक्यावर केली, ताणा संपेपर्यंत. आप्पा बाकावर परतले नाहीत. पेटीवर हात ठेवून तिथंच उभे राहिले. तीस वर्षं त्या आवाजात काढलेल्या माणसाला तो आवाज शत्रू वाटत असेल असं मी धरून चालले होते. त्यांचा चेहरा वेगळंच सांगत होता, आणि मी अजून त्यांना त्याबद्दल विचारलेलं नाही.

जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. सहा मैफलींचा पास नऊशे रुपये, एकाच मैफलीला दोनशे. वेळ साडेसहाची देतात, सात धरून चाला. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पण भिंतीकडचे जुने लाकडी बाक जास्त चांगले, खालचे आवाज त्यांतून अंगाला कळतात. ज्येष्ठांना तिथंच बसवा. डास आहेत, पायात मोजे असू द्यात. संडास मागच्या अंगणात, पावसाळ्यात छत्री घेऊनच जावं लागतं. कार्यक्रम संपायला नऊ वाजतात, मग बसची खात्री नाही, टिळकवाडी-कॅम्पकडच्यांनी रिक्षा आधी ठरवून ठेवावी. चहा चांगला असतो. लहान मुलांना तंबोऱ्यासारख्या मैफलीला नक्की न्या, लॅपटॉपवाल्यांना आधी चौकशी करून.

एप्रिलसाठी आप्पांचंही तिकीट काढलंय. आप्पा चार दिवस आधी जाऊन मागाच्या दुसऱ्या बाजूची पेटी बघणार आहेत. तिकडचा पिकर, म्हणजे धोट्याला फटका देणारा तुकडा, झिजलाय म्हणतात. चामड्याचा एक आमच्या माळ्यावर आहे, काल त्यांनी तो खाली काढून तेल लावून ठेवलाय.